माशी की लाल ठिपका

मलकापूर, ८ नोव्हेंबर २०२४

चि. क्रांती,

पत्र आबांचं आहे. बाजूला ठेवायचं असेल तर ठेव, पण आधी अर्धं तरी वाच. काम माझं नाही, दुसऱ्याचं आहे.

तू माझा फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुझी आई संध्याकाळी तुझ्याशी बोलायला बसली की मी बाहेर पायरीवर जाऊन बसतो, म्हणजे तुम्हा दोघींना मोकळेपणानं बोलता यावं. दिवाळीला आमचे जावई जयराजराव एकटेच फराळाचा डबा घेऊन आले. चकली तुझ्या हातची होती हे चवीवरून कळलं. द्राक्षाच्या छाटणीवर तेवढं बोलणं झालं. पाऊस लांबल्यामुळे तासगावकडे सगळ्यांच्याच छाटण्या मागे पडल्यात म्हणाले.

आता काम. फेब्रुवारीत आपल्या क्लबची प्रॅक्टिकल पिस्तुलाची स्पर्धा आहे. नाव देतानाच कुठल्या डिव्हिजनमध्ये खेळणार ते सांगायचं आणि मग बदलायचं नाही, असं या वर्षीपासून ठरलंय. त्यात आपल्या आप्पासोंची पंचाईत झालीय. क्लबच्या शस्त्रखोलीची किल्ली सांभाळता सांभाळता म्हातारा झालेला माणूस. आयुष्यभर माझ्यासारखाच प्रॉडक्शनमध्ये खेळला. कारखान्यातून आलं तसं पिस्तूल, मागं खाच, नळीच्या टोकाला माशी, म्हणजे नेमाचा बारीक खुंट. खाचेत माशी धरायची आणि चाप ओढायचा. पण आता म्हणतो की माशी नीट दिसत नाही.

तू सांगलीच्या क्लबात गेल्यापासून ऑप्टिक्स डिव्हिजनमध्ये खेळतेस असं कानावर आलं. पिस्तुलावर छोटी काच बसवलेली असते, तिच्यात लाल ठिपका दिसतो, त्याच्यावर नेम. या प्रकाराला मी एकदा सगळ्यांसमोर ‘बॅटरीवरचा नेम’ म्हणालो होतो, ते तू विसरली नसशील. ते राहू दे. आप्पासोंना एवढंच विचारायचंय की माशीची सवय असलेल्या माणसाला ठिपका जमतो का. एक डोळा मिटायचा की दोन्ही उघडे ठेवायचे? आणि डोळा जरासा अधू असला तर ठिपका स्पष्ट दिसतो का? हा शेवटचा प्रश्न त्यांचा खास आहे.

माझं ठीक आहे. या मोसमात मी पंच म्हणून टायमर धरत नाही. गुडघा धरतो. टायमर क्लबातल्या विश्वजितकडे दिलाय, पोरगा बरा सांभाळतो. अक्षर वाकडं आलं असेल तर तो वहीचा दोष. हल्ली रेघा फार फिक्या छापतात.

उत्तर आईकडे सांगितलंस तरी चालेल.

आबा


मलकापूर, २१ नोव्हेंबर २०२४

चि. क्रांती,

काल आप्पासोंनी अंगणात गाडी लावली, ती स्टँडवर धड उभीसुद्धा केली नाही. मी ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाशी बोलत होतो. त्याच्यादेखतच मला विचारलं, “लाला, माझं डोळं कवा गेलं रं?”

तू त्यांनाच फोन करशील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणे तू अगदी काळजीनं चौकशी केलीस, आणि ते बिचारे अर्धा वेळ नाही नाही करत राहिले. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं. मग मुकादम गेल्यावर ते माझ्यासमोर बसले आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिले.

तर ते डोळे माझे आहेत.

लिहून टाकलं आणि बरं वाटलं. इतके दिवस गुडघा, चष्म्याचा नंबर, वहीच्या रेघा, काय काय पुढं करत होतो. आता खरं सांगतो. उजव्या डोळ्याला माशी एक दिसत नाही, दोन दिसतात, आणि दोन्ही धुक्यातल्या. गेल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत वाटायचं घामानं होत असेल. नंतर गाड्यांच्या दिव्यांना केस फुटायला लागले. उंब्रजला गेलो होतो तेव्हा हायवेच्या कडेला माणूस उभा आहे म्हणून मोटारसायकल थांबवली, तर ती खताच्या जाहिरातीची पाटी निघाली. तेव्हापासून अंधार पडल्यावर गाडी काढत नाही.

आप्पासो गेल्यावर हे सगळं तुझ्या आईला सांगितलं. मला वाटलं धक्का बसेल. ती शेंगा फोडत होती, तशीच फोडत राहिली. म्हणाली, “मग वरीसभर पेपर मोठ्यानं कुणासाठी वाचतीया मी?” मला ती सांगायची की मोठ्यानं वाचल्याशिवाय तिला समजत नाही. मी ते खरं धरून चाललो होतो.

आणखी एक. आप्पासोंना न सांगता मी क्लबातलं ते ठिपक्याचं पिस्तूल एकदा विश्वजितकडून मागून घेतलं होतं. माझा हिशेब असा की माशी दिसत नाही ना, मग ठिपका घेऊ. डॉक्टरही नको आणि बोभाटाही नको. हात वर केला आणि काचेत बघितलं. घामानं कपाळावरचं कुंकू पसरतं, तसा तो ठिपका पसरलेला. कुठं गोळी मारायची? पिस्तूल परत केलं आणि सांगितलं, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, आपली माशी बरी. विश्वजितनं मान डोलावली. त्या पोराला काय कळलं असेल ते असो.

तुझा निरोप आईनं दिला. ‘आधी डोळे दाखवा, मग प्रश्नांची उत्तरं देते.’ दोन वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला निरोप. आईनं तो तुझ्याच आवाजात म्हणून दाखवला.

दाखवतो. पण जरा वेळ दे. भीती ऑपरेशनची नाही. पलटणीबरोबर आसामात असताना खांद्यातला छर्रा शुद्धीत असताना काढून घेतलेला माणूस आहे मी. भीती दुसरीच आहे. ती डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर लिहीन.

आबा


मलकापूर, ६ डिसेंबर २०२४

चि. क्रांती,

दाखवले. मोतीबिंदू आहे. उजव्या डोळ्यात चांगला वाढलेला, डाव्यात सुरुवात. मागचा पडदा चांगला आहे असं डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. माझ्या पलटणीतल्या एका सुभेदाराचा पडदाच गेला होता आणि त्यानंतर तो कायमचा बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालायचा. मला रोज तोच दिसत होता. कराडच्या दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा तुझ्या आईनं समोरच्या रसवंतीत दोन मोठे ग्लास सांगितले आणि माझी साखर ती साफ विसरली. मीही आठवण केली नाही.

आता गंमत ऐक. डोळ्यातलं धुरकटलेलं भिंग काढायचं आणि नवं बसवायचं. ते नवं भिंग एकाच अंतरासाठी बेतलेलं असतं. लांबचं लख्ख पाहिजे असेल तर जवळच्याला चष्मा, जवळचं पाहिजे असेल तर लांबच्याला चष्मा. सगळ्या अंतरांचं म्हणून एक असतं, पण त्यात काहींना दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हणाल्या. वलयं मी पुष्कळ बघितली. बाईंनी विचारलं, “काका, तुम्हाला काय स्पष्ट दिसायला हवं?” मी दोन्ही हात लांब करून पिस्तूल धरल्यासारखं धरलं आणि म्हणालो, एवढ्या अंतरावरचं. बाई खुर्चीत मागं सरकल्या.

म्हणजे बघ, मी डिव्हिजन निवडायला निघालो होतो आणि ते डोळ्याच्या दवाखान्यात ठरायची वेळ आली. हाताच्या अंतराचं भिंग घेतलं तर माशी कातीव दिसेल, समोरचं पुठ्ठ्याचं लक्ष्य पुसट. चालतं, आम्ही तसेच खेळत आलो. प्रॉडक्शनमध्ये राहता येईल. लांबचं घेतलं तर लक्ष्य लख्ख, पण माशी कायमची गेली. मग ठिपकाच.

मी माशीच्या बाजूनं होतो. घरी येताना तसं बोललो. घरी आल्यावर तुझ्या आईनं पाणी दिलं आणि म्हणाली, “आवं, हात लांब केल्यावर जेवढं दिसंल, तेवढंच जग हाय का तुमचं? पोरगी स्टँडवर उतरली तर लांबनं वळखायला नको?”

मी पाणी पीत बसलो. लांबचं घेतोय. पुढच्या महिन्यात ऑपरेशन.

आता ती दुसरी भीती. नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण हे पत्र त्यासाठीच आहे.

सगळं तपासून झाल्यावर मी बाईंना विचारलं की हे कधीपासून असेल. त्या म्हणाल्या, दोन-तीन वर्षं तरी वाढत असणार. मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी होता का? होता असणार, पण त्या वेळी किती होता ते आता कुणीच सांगू शकणार नाही, म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वीची निवड स्पर्धा, शेवटचा टप्पा. तू सगळ्यांत पुढं होतीस. राज्याच्या संघात जागा जवळपास तुझीच होती. टायमर माझ्या हातात. उजवीकडची लक्ष्यं संपवून तू डावीकडं पळालीस, पळता पळता मॅगझिन बदलत होतीस. माणसानं दोन्ही हात बाजूला पसरले की जी रेघ होते, तिच्या मागं नळीचं तोंड गेलं की खेळ संपला. मागं माणसं उभी असतात. मी ते तोंड मागं गेलेलं बघितलं आणि ‘स्टॉप’ म्हणालो. नियमाप्रमाणे तू अख्ख्या स्पर्धेतून बाद. तू पिस्तूल रिकामं करून दाखवलंस, म्यान केलंस, सगळं शिस्तीत. मग म्हणालीस, “दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर थांबवलं असतं?” पुढच्या खेळाडूचं नाव पुकारायचं होतं. ‘पुढचा कोण?’ असं विचारलं आणि काम चालू केलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पहिल्यापासून होतं. असतं. कुणाचीही असती तरी थांबवलं असतं. तिथं मला कधी शंका नव्हती. काही लोक म्हणाले की नळी रेघेच्या अलीकडंच होती, त्यांना मी म्हणालो, सगळ्यांत जवळ मी होतो आणि मी बघितलं.

आता मी तसं म्हणू शकत नाही. बघितलं असं वाटतं. पण ज्या डोळ्यानं बघितलं तो डोळा तेव्हाच धुरकटलेला होता हे बाईंनी सांगितलं. माशी दोन दिसत असतील तर नळीचं तोंडही दोन दिसलं असेल. माझ्या डोळ्यापायी तुझी संघातली जागा गेली असेल. म्हणून मी वर्षभर तपासायला गेलो नाही. न तपासता मी निदान बरोबर तरी होतो.

पंचांच्या यादीतून नाव काढायला आप्पासोंना सांगितलंय. तुला जे वाटत असेल ते वाटू दे. मी काही मागत नाही. माहीत झालं आणि तुझ्यापासून लपवलं, असं नको म्हणून लिहिलं.

आबा


मलकापूर, २० जानेवारी २०२५

चि. क्रांती,

हे पत्र मी जवळचा चष्मा लावून, अगदी रेघेवर लिहितोय. अक्षर बघ.

आता तू फोन उचलतेस, मग पत्र कशाला, असं जयराजराव म्हणतील. पण फोन तुझी आई धरते आणि ती मला मध्ये फार बोलू देत नाही. शिवाय दवाखान्यात तू जे बोललीस तेव्हा माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि डावा मिटून पडून राहायला सांगितलं होतं. तुझा चेहरा मला दिसला नाही. म्हणून जे ऐकलं ते लिहून पाठवतो. कुठं चुकलं असेल तर दुरुस्त कर.

आधी मला वाटलं नर्स आली. मग तुमच्या बेदाण्याच्या शेडचा वास आला, तो कपड्यातून जात नाही. आई म्हणाली, “बस की गं, हुबी का?” आणि ती चहा आणायच्या निमित्तानं बाहेर गेली. चहा तिनं कुठून आणला देव जाणे, तू बोलायचं थांबेपर्यंत आली नाही.

तू पलंगावर, माझ्या पट्टी बांधलेल्या डोळ्याच्या बाजूला बसलीस. विट्यावरून एसटी किती रखडली ते सांगितलंस. मग म्हणालीस, “आबा, नळी मागं गेली होती.”

मला वाटलं माझ्या समाधानासाठी म्हणतेस, आजारी माणसाचं मन राखायचं म्हणून.

तू म्हणालीस, “मला तेव्हाच कळलं होतं. मनगटाला कळतं. तुम्ही स्टॉप म्हणायच्या आत कळलं होतं.”

मग राग कशाचा, असं मी विचारलं. तुम्ही बरोबर होतात ह्याचाच आधी राग होता, म्हणालीस, पण तो आठवडाभरात गेला असता. दुसरा गेला नाही. “तुम्ही ‘पुढचा कोण’ म्हणालात. मी बॅग घेऊन एकटी फाटकापर्यंत गेले. मागं वळून बघितलं तर तुम्ही टायमर बघत होतात. संध्याकाळी घरी आलात, हातपाय धुतलेत आणि जेवायला वाढ म्हणालात.”

मी सांगायला तोंड उघडलं होतं की पंचाला जागा सोडता येत नाही, रांगेत अजून पोरं होती, त्यातलं एकेक भरलेलं पिस्तूल म्हणजे काय असतं. ते सगळं खरं आहे. पण संध्याकाळी घरात कुठली रांग होती, ते मला सांगता आलं नसतं. म्हणून तोंड मिटलं आणि हात पुढं केला. तो आधी पलंगाच्या दांडीवर आपटला. तू हसलीस. मग तू तो धरलास.

बरोबर ऐकलं ना?

क्रांती, तुला कल्पना नाही तू काय उतरवून ठेवलंस. महिना-दीड महिना मी त्या एका क्षणाकडे परत परत बघत होतो आणि जितकं बघेन तितकं ते धूसर होत होतं. पोरीचं नुकसान केलं असं समजून म्हातारपण काढायची मी तयारी केली होती. तू गेल्यावर मला अशी झोप लागली की डॉक्टरबाई तपासायला आल्या तेव्हा तुझ्या आईला मला हलवून उठवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. पहिल्यांदा तुझी आई दिसली. तिच्या कपाळावर एवढ्या सुरकुत्या आहेत हे मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर गच्चीत गेलो तर आगाशिवाचा डोंगर, अगदी एकेक झाड वेगळं. हायवेवरच्या एसट्यांच्या पाट्या वाचत उभा राहिलो. तिनं खालून हाक मारली तरी उतरेना, तेव्हा वर आली आणि माझ्याकडून दोन-चार पाट्या वाचून घेतल्या, खात्री करायला.

तुझी उत्तरंही तिनं पोहोचवली. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपक्याकडे बघायचं नाही, लक्ष्याकडे बघायचं, ठिपका आपोआप येतो. ती म्हणते, “पोरगी म्हणती ठिपक्याकडं बघू नका. मग लावायचा कशाला?” मलाही आधी ते पटलं नव्हतं. चाळीस वर्षं मला माशीकडंच बघायला शिकवलं आणि मीही पुढं पोरांना तेच शिकवलं.

स्पर्धेला नाव दिलं. आप्पासो यादी करत बसले होते, त्यांनी न विचारता प्रॉडक्शन लिहिलं. मी म्हणालो, खोडा. ऑप्टिक्स लिहा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं. दोघांनाही काही झालं नाही.

आबा


मलकापूर, १८ फेब्रुवारी २०२५

चि. क्रांती,

रविवारी तुम्ही दोघं लगेच निघालात. शेडमध्ये माल येऊन पडला होता, त्यामुळे थांबा म्हणता आलं नाही. पण तू पोहोचायच्या आत सकाळी काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

डॉक्टरबाईंनी परवानगी दिली होती. सकाळी आप्पासोंनी पिस्तूल हातात दिलं. मी सुरक्षित बाजूला, मातीच्या बांधाकडे तोंड करून, रिकामं पिस्तूल उचललं आणि काचेतून बघितलं. ठिपका गोल होता. डाळिंबाच्या दाण्यासारखा, कडा स्वच्छ. मी ते खाली घेतलं आणि परत वर केलं, परत गोल. आप्पासो म्हणाले, “लाला, बास कर, बॅटरी संपंल.”

पहिल्या टप्प्याला गडबड झाली. म्यानातून काढल्यावर मला ठिपका सापडेनाच, सवयीनं मी माशी शोधत होतो. लक्ष्याच्या पोलादी ताटल्या समोर लख्ख उभ्या आणि मी काचेत शोधतोय. विश्वजित मागं टायमर घेऊन उभा, बिचारा श्वास रोखून. मग तुझं आठवलं, ताटलीकडं बघा. ताटलीकडं बघितलं आणि ठिपका येऊन बसला. पहिली पडली, दुसरी पडली. दोन चुकल्या, त्या मागाहून घेतल्या. दुसऱ्या टप्प्यापासून तू होतीस, ते तू बघितलंस.

निकाल लागला, मी माझ्या डिव्हिजनमध्ये शेवटून चौथा. प्रॉडक्शनमध्ये असतो तर वर असतो, असं सगळे म्हणतात. खोटं आहे. प्रॉडक्शनमध्ये असतो तर मला माशी दिसली नसती. शेवटून चौथा आलेला माणूस एवढा खूष कसा, असं क्लबातल्या वीरधवलनं विचारलं. तो जिंकला होता आणि तोंड पाडून बसला होता, कारण एक ताटली राहिली. मी त्याला चहा पाजला.

दुसरा डोळा पावसाळ्याच्या आधी करून टाकू असं ठरलंय. तोपर्यंत बाईंनी टायमर धरायला हरकत नाही म्हणून सांगितलं, उजवा उत्तम आहे. पंचांच्या यादीत आप्पासोंनी माझं नाव परत घातलं. त्यांचं म्हणणं, काढलंच नव्हतं.

आता तू फोनवर जे विचारलंस त्याबद्दल. एप्रिलची निवड स्पर्धा आपल्याच रेंजवर आहे, तुला नाव द्यायचंय आणि प्रॉडक्शन द्यावं की ऑप्टिक्स ते ठरत नाही म्हणालीस. मी उत्तर देण्याआधी आईनं फोन घेतला.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळलं. आबांची माशी सोडून गेले, आता आबांकडे परत आले तर माशीकडेही परत जावं, असं काहीतरी. तसं करू नकोस. रविवारी तू आप्पासोंच्या आग्रहानं सरावाच्या पट्ट्यावर पाच-सहा फैरी झाडल्यास, त्या मी लांबून बघितल्या. लांबचं मला आता चांगलं दिसतं. तू ठिपक्यावर वेगवान आहेस. पाय हलतात तेव्हा डोकं हलत नाही. हे माशीवर तुझं कधी होत नव्हतं, मी ते तुला शिकवू शकलो नव्हतो. सांगलीच्या लोकांनी शिकवलं, त्यांचं भलं होवो. ऑप्टिक्स लिही. माझ्यासाठी म्हणून काही लिहायचं नाही.

आणि तू जाता जाता गाडीच्या खिडकीतून म्हणालीस की एप्रिलमध्ये टायमर मीच धरावा. विश्वजित आहे, दुसरे दोघं आहेत, तरी मीच. तेव्हा मी नुसती मान हलवली, कारण जयराजरावांनी गाडी सुरू केली होती. आता नीट सांगतो.

धरीन. तुझ्या अगदी जवळ उभा राहीन. उजवीकडून डावीकडं पळताना नळी मागं गेली तर ‘स्टॉप’ म्हणेन, त्यात बदल व्हायचा नाही आणि तो तुलाही नको असणार. पण मग टायमर विश्वजितच्या हातात देईन, तुझी बॅग उचलीन आणि फाटकापर्यंत तुझ्याबरोबर चालत येईन.

आबा